चारी बाजूंनी पाणी

६ जानेवारी

मुंगे,

आधी खुर्चीत बस आणि मगच हे वाच. फोनवर का नाही सांगितलं म्हणून भांडू नकोस. फोन वाजला की हे माझ्या कानाला कान लावून उभे राहतात, आणि त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत बोलणं आता माझ्या जिवावर येतं. पत्र लिहायला बसले की त्यांना वाटतं, वाणसामानाची यादी चाललीय. मघाशीच येऊन ‘साबण लिही’ असं सांगून गेले.

मार्चमध्ये आम्ही दोघं समुद्रसफरीला चाललोय. मोठं जहाज, बारा दिवस, सहा बंदरं, बाल्कनीची खोली. तिकिटं काढून झाली.

आता ओरडून झालं असेल तर पुढे वाच. गेल्या महिन्यात हे तिसऱ्यांदा हरवले. मी दाराला आतून कुलूप लावलं होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने शहरभराची कुलपं उघडली, त्याला मी कुलूप घालत होते, माझीही कमालच. माझ्या केसातल्या आकड्याने उघडलं, कुलूप नीट खिळ्याला अडकवलं, दार लोटून घेतलं आणि गेले. पाच तासांनी बसच्या आगारात सापडले. कंडक्टरच्या पेटीचं कुलूप अडकलं होतं ते दुरुस्त करत बसले होते, आणि कंडक्टर त्यांना चहा पाजत होता. तो हसत होता. मला रस्त्यातच रडू फुटलं.

तेव्हापासून मी दारापाशी गादी टाकून झोपते. दोन वर्षांत मी सलग एक तास कुठे बसलेली नाही. मग एका दुकानात ते जहाजाचं चित्रांचं पुस्तक दिसलं आणि मला एकदम सुचलं, की जहाजावर माणूस हरवणार कुठे? चारी बाजूंनी पाणी! चौथ्या मजल्यावरून फार तर नवव्यावर जाईल, आणि कुणीतरी हाताला धरून परत आणून सोडेल. दुसऱ्याने रांधलेलं खायचं आणि खुर्चीत बसून समुद्र बघायचा, एवढंच माझ्या मनात आहे.

अर्जात ‘विस्मरणाचा आजार आहे का’ असं विचारलं होतं. मी ‘नाही’ लिहिलं. तूही कुठे बोलू नकोस.

तुझी वहिनी


१३ जानेवारी

वहिनी,

खुर्चीत बसूनच वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा वाचताना हसता आलं नाही.

मी पोहण्याच्या तलावावर तीस वर्षं काढलीत, तेव्हा पाण्याबद्दल चार गोष्टी मला कळतात असं समज. पाण्यात माणूस ओरडत नाही. सिनेमात हात हलवतात ना, तसं काही नसतं. तो गुपचूप जातो, शेजारी पोहणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून आमच्या तलावावर दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजते आणि आम्ही डोकी मोजतो. एक कमी भरलं तर तलाव तिथल्या तिथे रिकामा करतो, मग ते पोरगं नंतर कपडे बदलायच्या खोलीत सापडलं तरी चालेल. तुझ्या जहाजावर डोकी कोण मोजणार? ते पाण्यावरचं शहर असतं, वहिनी. मागे कुणी राहिलं हे कळून ते थांबेपर्यंत मैलभर पुढे गेलेलं असतं. दोन खाटांचा दवाखाना असतो. एकाचं पोट बिघडलं की चार दिवसांत दोनशेजणांचं बिघडतं. मी सगळं वाचून काढलंय.

पण माझी भीती ती नाही. तू म्हणतेस चारी बाजूंनी पाणी म्हणून तो हरवणार नाही. मी म्हणते, चारी बाजूंनी पाणी आहे आणि या माणसाला कुठलंही दार अडवू शकत नाही. बाल्कनीच्या दाराचं कुलूप म्हणजे त्याच्या हातचा मळ.

दादाला पाण्याची भीती वाटते, हे तू म्हणशीलच. मला माहीत आहे. मी आठ वर्षांची असताना तो मला पहाटे तलावावर न्यायचा. तास संपेपर्यंत माझा टॉवेल मांडीवर घेऊन काठावर बसायचा, पाय आखडून, एक थेंब अंगावर उडाला तर दचकायचा. मी बाहेर आले की हुश्श करायचा. त्याच्यामुळे मी पोहायला शिकले आणि तो कधी पायरीसुद्धा उतरला नाही. पण तो एकेक गोष्ट विसरत चाललाय. उद्या ही भीतीच विसरला तर?

त्याला माझ्याकडे सोड आणि तू एकटी जा. खरंच सांगते.

मुंगी


२० जानेवारी

मुंगे,

एकटी जाऊन काय करू? बाराही दिवस तुला फोन करून ‘जेवले का, झोपले का’ विचारत बसेन. आणि तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, तू सकाळी पाचला तलावावर गेलीस की त्यांच्याजवळ कोण बसणार? तुझी मांजर?

तू धोके मोजलेस, मी दुसरी बाजू सांगते. ते चित्रांचं पुस्तक मी ह्यांना रोज दाखवते. रोज नव्याने विचारतात, ‘आपण जाणार?’ मी हो म्हटलं की रोज नव्याने चेहरा उजळतो. लग्नानंतर इतक्या वेळा मी ह्यांना खूश केलं नव्हतं. काल म्हणाले, ‘मी विसरेन गं, पण तू बघून ठेव.’ त्यांना सगळं कळतं, मुंगे. थोडा वेळ कळतं, पण कळतं.

पुढच्या वर्षी त्यांना मी कोण हे ठाऊक असेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. घरात जपून जपून काय होतंय? घरात जपलं म्हणून हे आगारात सापडले. धोका इथेही आहेच, फक्त इथे समुद्र दिसत नाही.

कठडा माझ्या छातीएवढा असतो, मी विचारून घेतलंय. भीती विसरण्याचं म्हणशील, तर काल अंघोळीच्या बादलीत पाणी जास्त झालं म्हणून मला हाक मारली. अजून सगळं शाबूत आहे. तू फक्त ‘जा’ म्हण. तू म्हटल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

जा. पटलं मला. मजा करा.

जहाजाच्या कंपनीचं नाव आणि तुमच्या तिकिटाचा क्रमांक तेवढा कळव. खोलीत फुलं पाठवावीत म्हणते. दादाला आवडतील.

घाईत आहे, नवीन तुकडी सुरू झालीय.

मुंगी


९ मार्च, जहाजावरून

वन्सं,

तुमची फुलं पोचली.

धक्क्यावर सगळ्यांना पुढे सोडत होते. आम्हाला बाजूला काढून एका खोलीत बसवलं. जहाजाचा डॉक्टर आला. त्याच्या हातात तुम्ही लिहिलेलं पत्र होतं, तुमच्या त्या शिस्तीच्या अक्षरात, परिच्छेदांना आकडे घालून. आजार, औषधं, तीनदा हरवले ते, कुलपं, सगळं. त्याने ते माझ्यासमोर ठेवलं आणि माझा अर्ज त्याच्या शेजारी ठेवला. साठी ओलांडलेल्या बाईला खोटारडी ठरवायला त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही. हे मला विचारत होते, ‘आपलं काही चुकलं का?’

दीड तासाने सोडलं, ते जबाबदारीच्या कागदांवर चार सह्या घेऊन. बाल्कनीची खोली काढून घेतली. आता आम्ही आतल्या बाजूच्या खोलीत आहोत. खिडकी नाही. भिंतीवर समुद्राचं चित्र लावलंय. दाराला एक डबी बसवलीय, दार उघडलं की ती किंचाळते. मी दोन वर्षं वाट बघितली ती पेटीत बसून दिवे मालवायला आणि लावायला.

कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला? मला वाटलं होतं, निदान तुम्ही माझ्या बाजूच्या आहात.

स्वागतकक्षातली मुलगी हे हाती लिहिलेलं पत्र यंत्रावर धरून पाठवते, उत्तर आलं तर छापून दाराखालून सरकवते. उत्तर पाठवायची तसदी घेतली नाहीत तरी चालेल.


१० मार्च

वहिनी,

‘वन्सं’ म्हणालीस. लग्न होऊन आलीस तेव्हाही कधी म्हणाली नव्हतीस. बरोबरच आहे.

मी पत्र पाठवलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाठवीन. तुला सांगून पाठवायला हवं होतं. फुलांची थाप मारली त्याची लाज वाटते, पत्राची वाटत नाही. माझ्या हाताखाली एकदा एक डोकं कमी भरलं होतं. तू मला कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. त्या मुलाच्या आईनेही अर्जात ‘फिट येत नाही’ असं लिहिलं होतं, कारण त्याला पोहायचं होतं आणि तिला त्याचं मन मोडवत नव्हतं. तुझ्या अर्जाचं वाचलं तेव्हापासून तो अर्ज माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

हवं तेवढं रागाव. फक्त दर दहा मिनिटांनी एकदा मोज. तुझ्याकडे एकच डोकं आहे.

मुंगी


१३ मार्च, जहाजावरून

मुंगे,

त्या मुलाचं तू मला कधी बोलली नाहीस. तीस वर्षं. मला आधी माहीत असतं तर मी जरा वेगळी भांडले असते.

राग अजून आहे, पण तो खोलीपेक्षा मोठा झाला आणि खोली एवढीशी, म्हणून बाहेर काढून ठेवलाय. ऐक, काय काय झालं ते. पहिल्या बंदरात उतरलो, हे एका दुकानातल्या जुन्या कुलपापाशी अर्धा तास उभे होते, तर दुकानदाराने ते हातात दिलं. काल संध्याकाळी वाद्यं वाजत होती तिथे ह्यांनी मला हात धरून नाचायला उठवलं. तुझा दादा, ज्याने स्वतःच्या लग्नातही पाय हलवला नव्हता! दोघांनाही येत नाही, त्यामुळे कुणाचं चुकलं हे कळायचा प्रश्न नव्हता. वाढायला येणारा माणूस आता ह्यांना ‘उस्ताद’ म्हणतो.

कठड्यापाशी मात्र येत नाहीत. मी गेले तर मागून माझा पदर धरून ठेवतात. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

एवढंच की खिडकी नसल्यामुळे ह्यांना सकाळ कळत नाही. डुलकी काढून उठले की दरवेळी पहाटच झालीय असं वाटतं, अंघोळीला निघतात. दुपारी तीनलाही. बाकी सगळं ठीक आहे, काही काळजी नाही.

वहिनी


१५ मार्च, जहाजावरून

मुंगे,

हे जिवंत आहेत. आत्ता माझ्या शेजारी झोपलेत. हे आधी लिहिलं, आता बाकीचं वाच.

परवाच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं होतं. ह्यांनी दाराची डबी आदल्याच दिवशी एकदा खोलली होती. मी परत बसवून टाकली आणि कुणाला बोलले नाही. वाटलं, बोलले तर पुढच्या बंदरात उतरवून देतील.

काल दुपारी जेवून हे झोपले. सकाळपासून जहाज हलत होतं, पण ऊन छान पडलं होतं. मी डबी लावली आणि वर गेले. लांब खुर्चीत बसले आणि समुद्र बघितला. काही केलं नाही, कुणाशी बोलले नाही. चाळीस मिनिटं. मुंगे, ती चाळीस मिनिटं माझी होती. मला त्याची लाज वाटत नाही, आणि भयंकर लाज वाटते.

मग भोंगा वाजला. सात वेळा. कुणीतरी समुद्रात पडलंय, सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमा व्हा, असं सांगायला लागले. खालून घरघर यायची ती थांबली. जहाज वळायला लागलं, कप आपोआप टेबलावरून सरकले. मी जिने उतरून खोलीपाशी आले तर दार लोटलेलं. आत डबी बशीत ठेवलेली, चार स्क्रू तिच्याशेजारी ओळीने मांडलेले. हे नव्हते. अंघोळीचा टॉवेलही नव्हता.

मी ओरडले नाही. तू म्हणतेस ना, ओरडत नाहीत. मला कुणीतरी हाताला धरून आमच्या जागेवर नेलं. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं रांगेत उभी होती आणि एक बाई यादी घेऊन मोजत होती. दोन हजारांच्या वर माणसं, प्रत्येकाच्या नावापुढे खूण होत होती. आमच्या यादीत एक खूण राहिली. तिने पुन्हा मोजलं. माझ्याकडे बघितलं. खाली बचावाची होडी सोडत होते, कठड्यावर माणसं दुर्बिणी लावून पाण्याकडे बघत होती. मी पण बघत होते. लाटांत प्रत्येक ठिकाणी मला त्यांचं डोकं दिसत होतं. तुझं ऐकायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात येत होतं.

त्या बाईला मी विचारलं, पडताना कुणी पाहिलं? ती म्हणाली, पाहिलं कुणी नाही. सफाईच्या माणसाला एका वयस्कर गृहस्थांनी येऊन सांगितलं, रडत रडत, की माझी बहीण पाण्यात गेलीय आणि बाहेर आली नाही.

माझे पाय आपोआप पळायला लागले. कुणीतरी मागून थांबवत होतं, मी थांबले नाही. नवव्या मजल्यावर मागच्या बाजूला पोहण्याचा तलाव आहे. जहाज हलत होतं म्हणून सकाळीच त्यातलं पाणी सोडून दिलं होतं, भोवतीच्या जाळीच्या दाराला कुलूप घातलं होतं. ते कुलूप उघडून कडीला नीट अडकवलेलं होतं.

हे तलावात होते. तळाशी, मधोमध, टॉवेल छातीशी धरून. शिडी उतरून गेले होते, मुंगे. जन्मात कधी पायरी उतरले नाहीत, ते तळाशी उभे राहून कोपऱ्याकोपऱ्यात बघत होते. पाणीही नव्हतं आणि तूही नव्हतीस. मला बघून म्हणाले, ‘तास केव्हाच संपला. ती वर आलीच नाही. मला भीती वाटते पाण्याची, पण मग कुणी उतरायचं?’

भीती विसरले नव्हते. तू विचारलं होतंस ना? भीती सगळी होती, आणि तरी उतरले.

मी खाली उतरून त्यांना धरून बसले. होडी परत वर घेतली. दोन हजार माणसांचा दीड तास गेला. मला वाटलं, आता सगळे आम्हाला फाडून खातील. कप्तान स्वतः खोलीत आला. तरुण आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला, या माणसाने जे सांगितलं ते ऐकून जहाज थांबवलं, यात आमचं काही चुकलं नाही आणि त्याचंही नाही. पण तुम्ही एकट्या पुऱ्या पडत नाही. अठराला पुढचं बंदर आहे, तिथे तुम्हाला उतरावं लागेल. जबाबदारी घेणारं दुसरं कुणी तिथे येऊन चढलं, तरच उरलेले दिवस राहता येईल.

दुसरं कुणी नाही. म्हणून आम्ही उतरतोय. तू बरोबर होतीस. बाल्कनी असती तर काय झालं असतं, ते मी मनातसुद्धा पुरतं बोलत नाही.

फक्त एक गोष्ट राहिलीय. हे अजून टॉवेल सोडत नाहीत. तू घरी आहेस, बरी आहेस, असं मी वीस वेळा सांगितलं. ऐकून घेतात, आणि जरा वेळाने विचारतात, ‘मुंगी निघाली का बाहेर?’

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

उतरू नकोस. मी येतेय.

रजा टाकली. विमानाचं तिकीट मिळालं, अठराला सकाळी धक्क्यावर पोचते. कंपनीला फोन केला. माझं पत्र त्यांच्याकडे अजून होतंच, त्यामुळे मी कोण हे फार सांगावं लागलं नाही. उरलेले तीन दिवस आपण पाळ्या लावू. दुपारची माझी. त्या वेळात तू वर जायचं, त्या खुर्चीत बसायचं, आणि चाळीस मिनिटांत परत आलीस तर मी तुला आत घेणार नाही.

तुला वाटतंय मी बरोबर होते. नव्हते. माझ्या पत्रामुळे तुमची खिडकी गेली, खिडकी गेली म्हणून त्याला दुपारी पहाट झाली, आणि पहाट झाली म्हणून तो मला न्यायला निघाला. बाल्कनी असती तर काय, हे मलाही बोलवत नाही. म्हणजे दोघीही चुकलो आणि दोघीही बरोबर होतो. यातून काय शिकायचं ते मला कळलेलं नाही.

आणखी एक. ताकाला जाऊन भांडं आता लपवत नाही. मी आजवर जहाजावर पाय ठेवलेला नाही, कारण मला समुद्राची भीती वाटते. हसू नकोस. मला तळ दिसणाऱ्या पाण्याचीच सवय आहे. जानेवारीत तुला लिहिलेले निम्मे धोके माझेच होते, दादाच्या नावावर खपवले. पण तो शिडी उतरला म्हणतेस. मग मला आता कुठलं कारण उरलं?

त्याला समजावत बसू नकोस, मी घरी आहे म्हणून सांगू नकोस. त्याला ते खरं वाटणार नाही, कारण त्याने मला पाण्यात जाताना पाहिलंय. धक्क्यावर कुठेतरी नळ असेलच. त्याच्याखाली डोकं धरून, केस निथळत ठेवून मी जिना चढेन. लोक बघतील, बघू देत.

तू त्याला फक्त जिन्याच्या तोंडाशी आणून उभं कर आणि सांग, शिट्टी झाली, मुंगी निघाली. टॉवेल त्याच्याच हातात राहू दे.

मुंगी